चुकीचा चहा

कागदाच्या गिरणीतल्या त्या फिटरला बावीस वर्षं सगळे एकाच नावानं हाक मारत: कानसेन. गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. शेजारी कोणी गुणगुणायला लागलं तरी तो तोंड वाकडं करायचा. पण ओला कागद वाळवणारे गरम रूळ ज्या शेडमध्ये फिरत, तिथं एकशे चाळीस बेअरिंगं होती आणि त्यातलं कुठलं कुरकुरतंय हे तो दारात उभा राहून सांगायचा. मग लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक बेअरिंगच्या डब्यावर टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटायचा. "सत्तेचाळीस नंबर," तो म्हणायचा. "संध्याकाळपर्यंत टिकेल. पुढं मला विचारू नका." मशीन थांबवून सत्तेचाळीस नंबर उघडला की आतल्या गोळ्या खरवडलेल्या सापडायच्या.

कधी तो चुकायचाही. बावीस वर्षांत पाच वेळा चुकला होता आणि पाचही वेळा त्यानं चहा पाजला होता. शेडचा नियमच होता तसा. विनाकारण मशीन थांबवायला लावणाऱ्यानं सगळ्या अकरा जणांना चहा द्यायचा, आणि घोट घेण्याआधी प्रत्येकानं त्याला एकेक टोमणा मारायचा. याला ते चुकीचा चहा म्हणत. "कानात मळ साठलाय तुझ्या, काढ," असं तेल घालणारा म्हातारा दर वेळी म्हणायचा, कारण त्याला दुसरं काही सुचत नसे. कानसेन तोंडावर राग दाखवायचा आणि ट्रे धुऊन परत नेऊन द्यायचा. पाच मिनिटांत सगळे आपापल्या कामाला लागत आणि चूक तिथंच संपे.

मग एके दिवशी वाफेची नळी फुटली, ती नेमकी त्याच्या डाव्या कानाशेजारी. त्याला साधं खरचटलंही नाही. नळी बदलली, मशीन सुरू झालं, सगळे म्हणाले, थोडक्यात वाचलास. पण त्या दिवसापासून त्याच्या कानात कुंईऽऽ असा बारीक आवाज सुरू झाला, तो काही केल्या थांबेना. जेवताना कुंई, बोलताना कुंई, उशीवर डोकं टेकलं की दुप्पट कुंई. झोप उडाली. नळ सोडून ठेवला की पाण्याच्या आवाजात तो जरा झाकला जातो हे त्याच्या लक्षात आलं, म्हणून तो नळ सोडून झोपायला लागला. भिंतीवरचं घड्याळ त्यानं काढून गाद्यांमध्ये गुंडाळून ठेवलं. कानात कापसाचे बोळे घातले. बायको काही विचारायला गेली की तो वसकन अंगावर जायचा, आणि मग कानावर हात दाबून बसायचा.

एका सकाळी सुपरवायझरनं त्याच्या कानाजवळ शिट्टी वाजवली. रोजच वाजवायचा, पाळी बदलल्याची खूण म्हणून. कानसेननं ती त्याच्या तोंडातून हिसकावली आणि कागदाच्या लगद्याच्या हौदात फेकून दिली. मॅनेजर म्हणाला, "डोकं तपासून घे. ठीक आहे असा कागद आण, मग कामावर ये." कान तपास असं कोणाच्याही मनात आलं नाही. ज्या माणसाच्या कानावर सगळी शेड चालत होती त्याचं डोकं तपासायला पाठवलं, आणि पाठवणारे सगळे स्वतःला अनुभवी म्हणवणारे होते.

मनोरुग्णालयात त्याला घेऊन गेला मेहुणा, बायकोचा भाऊ. दुसऱ्याच्या घरातलं काही बिघडलं की याला भलताच उत्साह यायचा. बरोबर बायको होती. तरुण डॉक्टरसमोर छापील फॉर्म होता, प्रत्येक प्रश्नापुढं होय आणि नाही असे दोन चौकोन. बाहेर बाकांवर तीस-चाळीस माणसं ताटकळत होती. डॉक्टरनं मान वर न करता सुरुवात केली.

"आवाज येतात का? दुसऱ्यांना येत नाहीत असे?"

"येतात," कानसेन म्हणाला. इतक्या दिवसांत कोणीतरी नेमकं विचारलं, म्हणून त्याला बरंच वाटलं.

"काही सांगतात का ते आवाज?"

"सांगतात ना. त्याच्यावरच तर माझं पोट आहे."

"अमुक कर, तमुक कर, असे हुकूम देतात?"

"थांबव म्हणतात. उघड म्हणतात. नाही ऐकलं तर एखाद्या दिवशी माणूस मरेल हो."

"कधीपासून?"

"बावीस वर्षं झाली की."

"कोणी तुमच्यावर पाळत ठेवतं, असं वाटतं?"

"वाटतं कशाला, ठेवतोच. सुपरवायझर."

"तुमच्या मनातलं लोकांना आपोआप कळतं?"

कानसेननं बायकोकडे अंगठा केला. "हिला कळतं. मी तोंड उघडायच्या आधी."

बायको कसंनुसं हसली. मेहुण्यानं डॉक्टरकडे बघून जड मान हलवली आणि नळाचं, घड्याळाचं, शिट्टीचं सगळं साग्रसंगीत सांगितलं. डॉक्टरनं बायकोला विचारलं, "हे खरं ना?" तिनं मान डोलावली. खरं होतंच ते. सगळे चौकोन होयचे भरले. आठ मिनिटं लागली. गिरणीत एक गंजलेला नट सोडवायला याहून जास्त वेळ लागतो, आणि तो सोडवणारा नटाकडे बघून तरी काम करतो. फॉर्मच्या तळाशी डॉक्टरनं लिहिलं: छिन्नमनस्कता, संशयी प्रकार. तोंडानं तो स्किझोफ्रेनिया म्हणाला. बायकोला दोन्ही शब्द कळले नाहीत. एवढंच कळलं की नवरा आता इथंच राहणार.

सात नंबरची खाट मिळाली. गोळ्या सुरू झाल्या. कानातला आवाज तसूभर कमी झाला नाही, पण हात थरथरायला लागले आणि चेहरा ताठरला, इतका की हसायचं म्हटलं तरी गाल वर जाईनात. पाळी बदलताना एक सिस्टर दुसरीला फाईल मोठ्यानं वाचून दाखवायची, त्यात एके दिवशी त्यानं ऐकलं: "खाट सात, चेहरा भावशून्य, नवीन लक्षण." त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गोळी द्यायची यांनी, गोळीनं चेहरा मरायचा, आणि मेलेला चेहरा लिहायचा पुन्हा त्याच्याच नावावर. तो उठून म्हणाला, "अहो, हे तुमच्या गोळीनं झालंय." सिस्टरनं पेन काढलं आणि लिहिलं, औषधाबद्दल संशय व्यक्त करतो.

त्या दिवशी आठ नंबरच्या खाटेवरचा माणूस पहिल्यांदा त्याच्याशी बोलला. तो शाळेत भाषा शिकवायचा, म्हणून वॉर्डात सगळे त्याला मास्तर म्हणत.

"तुमच्या आवाजाला शब्द आहेत का?" मास्तरांनी विचारलं.

"शब्द कुठले? नुसतं कुंई."

"नावानं हाक मारतो?"

"नाही हो. शिट्टीसारखं, एकसुरी. नळ सोडला की जरा बरं वाटतं."

मास्तर खाटेवर उठून बसले. मग म्हणाले, "माझ्याकडे दोघं आहेत. एक म्हणतो, मास्तर उठले. दुसरा म्हणतो, उठले नाहीत, उठवले. मी पाणी प्यायलो की पहिला म्हणतो, प्यायले. दिवसभर हेच, अकरा वर्षं. नळ सोडला तर दोघं नळावर बोलतात. तुमचं दुखणं हे नाही."

"मग माझं काय आहे?"

"व्याकरणाची चूक आहे. भांडं पडलं तरी आपण आवाज म्हणतो आणि माणूस बोलला तरी आवाजच म्हणतो. त्यांनी विचारलं एक, तुम्ही सांगितलं दुसरं. वर्गातलं पोरसुद्धा पकडेल अशी चूक आहे ही."

मास्तरांनी वहीचा कागद फाडला आणि वळणदार अक्षरात लिहिलं: खाट सातच्या रुग्णाला ध्वनी ऐकू येतो, वाणी ऐकू येत नाही. कृपया कान तपासावा. कागद त्यांनी तरुण डॉक्टरच्या हातात दिला. डॉक्टरनं वाचला, घडी केली आणि मास्तरांच्याच फायलीत ठेवला. संध्याकाळी सिस्टर वाचत होती: "खाट आठ, इतर रुग्णांचं निदान करतो, स्वतःला डॉक्टर समजतो, डोस वाढवला." दुसऱ्या दिवशी मास्तर दुपारपर्यंत उठले नाहीत. सगळ्या इमारतीत एकाच माणसानं बरोबर निदान केलं होतं, आणि त्याला झोपवून ठेवलं होतं.

भेटीच्या दिवशी बायको आली. कानसेननं तिला सगळं सांगितलं. जीभ जड झाली होती, तरी सांगितलं. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला.

"मी त्या दिवशी मान डोलावली," ती म्हणाली.

"ते राहू दे. मास्तर सांगतात ते लिहून घे. तुझ्या हातानं लिही."

झोपेनं डोळे उघडत नसताना मास्तरांनी तीच दोन वाक्यं तिला सांगितली. फक्त रुग्णाच्या जागी माझे पती असं घालायला सांगितलं. आठवड्यातून एकदा येणाऱ्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना गाठण्यासाठी ती कॉरिडॉरमध्ये साडेतीन तास उभी राहिली आणि कागद हातात दिल्याशिवाय हलली नाही. डॉक्टरीणबाईंनी वाचून मान वर केली. "निरीक्षण चांगलं आहे तुमचं," त्या म्हणाल्या. वेड्यानं लिहिलं तेव्हा ते लक्षण होतं आणि बायकोनं लिहिलं तेव्हा निरीक्षण झालं, शब्द तेच असून.

डॉक्टरीणबाईंनी कानसेनला बोलावलं. खणातून लोखंडाचा दोन दातांचा नादकाटा काढला, टेबलावर आपटून घुमवला आणि त्याचा दांडा कानसेनच्या कानामागच्या हाडाला लावला. त्यानं सवयीनं डोळे मिटले.

"हे तर मी रोज करतो," तो म्हणाला. "स्क्रूड्रायव्हरनं."

"कशासाठी?"

मग त्यानं सांगितलं. बेअरिंग कसं बोलतं, थांबव कसं म्हणतं, न उघडल्यास रूळ कसा निसटतो आणि माणूस कसा मरू शकतो. डॉक्टरीणबाई ऐकता ऐकता फॉर्म चाळत होत्या आणि त्यांचा हात हळूहळू कपाळाला गेला. त्याच दुपारी श्रवणचाचणीच्या मशीनवर कान तपासला. डाव्या कानाची बारीक आवाज पकडायची ताकद बरीच गेली होती. मेंदूला जे मिळत नव्हतं, त्याच्या जागी तो स्वतःच कुंई वाजवत होता. त्यात वेड कुठंच नव्हतं.

"हे निदान असं एका बैठकीत करायचं नसतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भास, भ्रम, तुटक बोलणं, अशी काही मुख्य लक्षणं असतात. त्यातली किमान दोन हवीत, कमीत कमी महिनाभर टिकलेली हवीत. आणि दुसरं कुठलं कारण नाही ना, ते आधी बघायचं असतं."

"मग आधी का नाही बघितलं?"

"चूक झाली."

"आणि हा संशयी प्रकार? मी कोणाचा संशय घेतला?"

त्यांनी फॉर्म मिटला. "खरं सांगायचं तर, तो प्रकार आता राहिलेलाच नाही. पूर्वी या आजाराचे असे पोटप्रकार करायचे. एकच माणूस आज एका प्रकारात बसायचा, वर्षानं दुसऱ्यात. काही उपयोग होईना, म्हणून नव्या वर्गीकरणातून ते काढून टाकले. आमचे फॉर्म जुने आहेत."

कानसेनच्या थरथरत्या हातांच्या मुठी वळल्या. "म्हणजे जो आजार मला नाही, त्याचा जो प्रकार कोणालाच नाही, तो माझ्या नावावर लिहिलाय?"

डॉक्टरीणबाईंनी हो म्हटलं. खोटं तरी बोलल्या नाहीत, एवढं त्यांच्या पदरात घालायला हवं. त्यांनी जुन्या निदानावर रेघ मारली, शेजारी सही केली, गोळ्या टप्प्याटप्प्यानं बंद करायला सांगितल्या. हाताची थरथर जाईल म्हणाल्या, थोडे महिने लागतील. पण ऑफिसातल्या कारकुनानं गिरणीसाठी जो कागद टाइप केला त्यात सगळं आलं: छिन्नमनस्कता, संशयी प्रकार, या निदानाखाली नऊ आठवडे दाखल, निदान नंतर बदलले, कामास योग्य. कानसेन खिडकीवर भांडला. "चूक तुमची, मग ती माझ्या कागदावर कशाला?" कारकून म्हणाला, "दाखल होतात ना? मग लिहावं लागतं. नियम आहे." रेघ फायलीवर मारली होती, आणि फाईल कपाटात राहणार होती.

निघताना तो मास्तरांच्या खाटेपाशी गेला. रागाच्या भरात त्याच्या तोंडून निघून गेलं, "मी सांगत होतो ना, मी तसला नाही म्हणून."

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं. "मी आहे तसला," ते म्हणाले. "माझ्या फायलीत बरोबर लिहिलंय."

कानसेनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याच्यामुळं सुटला त्यालाच तसला म्हणून बसला होता. "तसं नव्हतं म्हणायचं मला," तो पुटपुटला.

"असू दे. बरोबर लिहिल्याचा मला राग नाही. गोळ्यांनी माझे दोघं जरा हळू बोलतात, तेही खरं आहे. पण ते लिहिल्यापासून मला नुसतं चुकता येत नाही. वर्गात असताना फळ्यावर शुद्धलेखन चुकलं तर पोरं हसायची, मी खोडायचो. आता बेरीज चुकली तरी लक्षण. जा तुम्ही. मशीन वाट बघत असेल."

गिरणीत मॅनेजरनं कागद दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना त्याचं बोट पहिल्याच ओळीवर अडकलं होतं. "म्हणजे आता बरं आहे ना?" त्यानं विचारलं. "मला ते झालंच नव्हतं," कानसेन म्हणाला. "हो हो, तेच," मॅनेजर म्हणाला आणि त्याला शेडमध्ये पाठवलं.

शेडमध्ये सगळे गोड बोलत होते. हेच त्याला आधी खटकलं. बावीस वर्षांत ज्यांनी त्याला धड नमस्कार केला नव्हता, ते आता त्याच्यासाठी वाट सोडत होते. सुपरवायझर शिट्टी न वाजवता लांबून हात करायचा. कोणी त्याला कानसेन म्हणत नव्हतं. भाऊ म्हणत होते. तो बोलायला लागला की हातातलं काम थांबवून, मान कलती करून ऐकायचे, जसं तापानं बरळणाऱ्याचं ऐकतात. तो दात-ओठ खात काम करत राहिला. कुंई चालूच होती, पण तिच्या खालून मशीन ऐकायला तो हळूहळू शिकत होता.

दुसऱ्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमारास, त्याला ब्याण्णव नंबर कुरकुरल्यासारखा वाटला. त्यानं स्क्रूड्रायव्हर लावला. हात थरथरत होता, टोक डब्यावर नाचत होतं. डोळे मिटून त्यानं तीनदा ऐकलं.

"थांबवा," तो म्हणाला. "ब्याण्णव."

कोणी वाद घातला नाही. मशीन थांबलं. तेल घालणाऱ्या म्हाताऱ्यानं झाकण काढलं, फडक्यानं ग्रीस पुसलं आणि बॅटरी मारली. आतल्या गोळ्या चकचकीत होत्या. एकीवरही ओरखडा नव्हता. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाचीच थरथर त्यानं ऐकली होती.

चुकला होता तो. बावीस वर्षांतली सहावी चूक. कानसेन सरळ उभा राहिला आणि वाट बघू लागला. म्हातारा आता म्हणेल, कानात मळ साठलाय. कोणीतरी ओरडेल, चहा पाज. खरं तर या क्षणासाठीच तो परत आला होता, हे त्याला तेव्हा कळलं. मशीन थांबलेलं असल्यामुळे शेडमध्ये विलक्षण शांत होतं. त्याची कुंई तेवढी वाजत होती.

म्हाताऱ्यानं झाकण परत बसवलं, अगदी हळुवार, आवाज होऊ न देता. अकरा जणांनी एकमेकांकडे बघितलं आणि नजरा खाली घातल्या. सुपरवायझर जवळ आला, त्यानं कानसेनच्या खांद्यावर हात ठेवला आणि मऊ आवाजात विचारलं, "गोळ्या घेतोस ना वेळेवर?"

कानसेननं तो हात झटकला. तो तडक कँटीनमध्ये गेला आणि स्वतः ट्रे उचलून आला. बारा ग्लास होते, त्यातला चहा त्याच्या हातांबरोबर हिंदकळत ट्रेमध्ये सांडत होता आणि सगळे ग्लासांकडे न बघता त्याच्या हातांकडे बघत होते. त्यानं ट्रे मशीनच्या झाकणावर आदळला.

"घ्या," तो म्हणाला. "चुकीचा चहा आहे. मी चुकलो. बोला आता."

कोणी हललं नाही.

"अरे, बोला की. पाच वेळा बोललात. शिव्या द्या मला."

"कशाला त्रास करून घेतोस, भाऊ?" म्हातारा म्हणाला. त्याच्या आवाजात खरी माया होती, आणि ती माया कानसेनला शिट्टीपेक्षा जास्त कानठळ्या बसवणारी वाटली. त्याला मास्तर आठवले. निदान चुकीचं असून ही गत, तर बरोबर असलेल्यानं कुठं जायचं, आणि अकरा वर्षं कसं राहायचं, हे त्या शेडमध्ये कोणाला विचारावं हे त्याला कळेना.

चहावर साय धरायला लागली. शेवटी त्यानं स्वतःच एक ग्लास उचलला. टोमणा मारल्याशिवाय घोट घ्यायचा नाही, हा शेडचा नियम होता आणि तो मोडायची त्याची तयारी नव्हती.

"कानात मळ साठलाय तुझ्या," तो मोठ्यानं स्वतःला म्हणाला. "काढ."

सुपरवायझरनं खिशातून वही काढली, घड्याळात बघितलं आणि लिहून घेतलं: दहा वाजून वीस मिनिटं, स्वतःशीच बोलतो.